पाडलेल्या जुन्या हॉटेलचा इतिहास कागदावर कसा उभा करायचा?

खाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावी, बंदररोड जिथे पेठेला मिळतो त्या नाक्यावर एक मोठं दुमजली लॉजिंग-बोर्डिंग होतं, गावाच्या मानाने ‘ग्रँड हॉटेल’च. जांभ्याचं बांधकाम, मंगलोरी कौलं, वर रस्त्याच्या बाजूला लाकडी कठड्याची लांबलचक गॅलरी, खाली भोजनगृह. बोटीने येणारे व्यापारी, कोर्टाच्या तारखेला आलेले पक्षकार, नाटक मंडळ्या, सगळ्यांचा मुक्काम तिथेच. ते आता जमीनदोस्त झालं आहे. त्या जागी व्यापारी संकुल होणार. मालकांचे वारस गावातच आहेत, त्यामुळे नाव देत नाही.

गावाच्या इतिहासाचं एक टिपण तयार करायचं चाललं आहे आणि त्यात या इमारतीला तिची जागा मिळायलाच हवी. तीन गोष्टी हव्या आहेत: इमारत कधी बांधली, तिथे हॉटेल कधीपासून आणि कोणी चालवलं, आणि ती आतून-बाहेरून नेमकी कशी होती. बांधल्याची तीन वेगवेगळी सालं ऐकायला मिळतात. फोटो दोनच आहेत. सुरुवात कुठून करावी?

---

अभिलेखी

सुरुवात सिटी सर्व्हे (नगर भूमापन) नंबरापासून. तो कळला की बाकीची दारं उघडतात.

गावाला नगर भूमापन झालेलं असेल (नगरपरिषद आहे म्हणजे बहुधा झालेलं असणारच) तर उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात त्या जागेची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असते. ऑनलाईन पत्रिका काढली की आजचा धारक कळतो, पण तिच्यावर थांबू नका. पूर्वीच्या हस्तलिखित पत्रिकेची नक्कल मागा. फेरफाराच्या नोंदी तिच्यावर एकाखाली एक असतात. तारीख, व्यवहार, खंड क्रमांक, मग ‘नवीन धारक (धा), पट्टेदार (प) किंवा भार (इ)’ आणि शेवटी साक्षांकन. हॉटेलाच्या बाबतीत पट्टेदार आणि भार हेच दोन शब्द कामाचे, कारण चालवणारा माणूस पुष्कळदा मालक नसतो, भाडेपट्ट्याने घेतलेला असतो. भार म्हणजे गहाण, बँकेचं कर्ज. कर्ज काढलं म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी बांधलं, वाढवलं किंवा दुरुस्त केलं.

दुसरा कागद चौकशी नोंदवहीचा उतारा. नगर भूमापन पहिल्यांदा झालं तेव्हा चौकशी अधिकाऱ्याने प्रत्येक मिळकतीची हक्कचौकशी केली. जागा कोणाची, कशी मिळाली, वापर कशासाठी, ते तिथे थोडक्यात लिहिलेलं असतं. लोक पत्रिका घेतात आणि ही नोंदवही मागायला विसरतात.

तिसरा, नगर भूमापन नकाशाची शीट. प्रमाण सहसा १:५००, त्यावर इमारतीची बाह्यरेषा, अंगण, विहीर, बोळ दिसतात. इमारत पाडली म्हणून शीट लगेच बदलत नाही, त्यामुळे जोत्याची लांबी-रुंदी आजही काढता येईल.

एक लक्षात ठेवा: मिळकत पत्रिका जागेचा इतिहास सांगते, इमारतीचा नाही. १९३२ ची खरेदी नोंद सापडली म्हणून इमारत १९३२ ची ठरत नाही.

---

कौलारू

अभिलेखींनी कागद सांगितले, मी वस्तूंचं सांगतो, कारण ते काम आधी करायला हवं. कागद पुढच्या वर्षीही तिथेच असतील, राडारोडा आठवड्यात उचलला जातो.

कौलाची मागची बाजू बघा, तिथे कारखान्याचा ठसा असतो. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला. पहिल्या महायुद्धात जर्मन-स्विस मिशनच्या मालमत्ता सरकारने ताब्यात घेतल्या आणि नंतर हे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे ‘बासेल मिशन’ ठशाचं कौल साधारण महायुद्धाच्या आधीचं, ‘कॉमनवेल्थ’ ठशाचं नंतरचं. पण कौलावर ‘१८६५’ लिहिलेलं दिसलं की लोक इमारतच १८६५ ची ठरवतात, तसं मुळीच नाही. ते कारखाना स्थापन झाल्याचं साल. अल्बुकर्कच्या कौलावरचं ‘१८६८’ही तसंच.

लोखंडी तुळया असतील तर मधल्या उभ्या पट्टीवर दर काही फुटांवर उठावाची अक्षरं असतात. गंज तारेच्या ब्रशने घासा, त्यावर खडू आडवा फिरवा, तिरप्या उजेडात वाचा. ‘डॉरमन लाँग’ वगैरे असेल तर माल विलायतेचा. ‘टाटा’ असेल तर १९१२ च्या आधीचा असूच शकत नाही, जमशेदपूरला पहिलं पोलाद त्या साली निघालं.

सिमेंटच्या नक्षीच्या रंगीत फरश्या असतील तर एक अख्खी फरशी उलटी करून बघा. भारत टाइल्स ही कंपनी १९२२ ची, तिचा पहिला कारखाना आपल्याच उरणला. तो ठसा मिळाला तर निदान ती जमीन तरी १९२२ नंतरची.

भिंतीची घडण कोपऱ्यातल्या चिऱ्यावरून (जांभ्याच्या ठोकळ्यावरून) कळते. हाताने काढलेल्या चिऱ्यावर हत्याराचे तिरपे घाव असतात आणि दोन चिरे मापाला एकसारखे नसतात. यंत्राने कापलेल्यावर पात्याच्या सरळ, समांतर खुणा दिसतात. दरजेच्या (दोन चिऱ्यांमधल्या सांध्याच्या) मसाल्यात शिंपल्याचे पांढरे तुकडे, न विरघळलेल्या चुन्याच्या गुठळ्या असतील तर किनाऱ्यावरचा शिंपल्यांचा चुना. राखाडी आणि नखाने न उकरणारा असेल तर सिमेंट. एकाच इमारतीत दोन्ही सापडतील, आणि ते कुठे-कुठे सापडतात त्यावरूनच वाढीव बांधकाम ओळखता येतं. म्हणून नमुना उचलताना पिशवीवर जागा लिहा: ‘पश्चिम भिंत, जोत्यापासून चार फूट’. जागा न लिहिलेला नमुना निरुपयोगी.

---

सुरंगी

मलबा गेला असेल तरी हात टेकू नका. पाडकामाचा ठेकेदार दारं, खिडक्या, तुळया, कौलं आधीच उतरवून विकतो. सागवानी खांब जुन्या लाकडाच्या वखारीत, कौलं जवळपासच्या गोठ्यावर किंवा काजूच्या शेडवर मिळतात. ठेकेदाराला विचारा, माल कुणी उचलला ते त्याला ठाऊक असतं.

---

तिठा

कौलारू, माहिती उत्तम, पण कौलांवरून इमारतीचं वय काढायला माझा विरोध आहे. कोकणात दरवर्षी पावसाआधी छप्पर शाकारतात, फुटकी कौलं बदलतात. माकडं नाचली की अर्धं छप्पर नवं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड पट्ट्यात घरंच्या घरं उघडी पडली आणि लोकांनी मिळेल तिथून जुनी कौलं आणून घातली. आज त्या भागातल्या एका छपरावर पाच कारखान्यांचे ठसे निघतील. शिवाय मंगलोरीच्या आधी नळीची (जुन्या पद्धतीची अर्धगोल) कौलं असू शकतात. इमारत जुनी, छप्पर नवं.

---

कौलारू

@तिठा, मान्य. म्हणूनच एका कौलावरून नाही, मोजणीवरून बोलायचं. निदान शंभर कौलं उलटी करून ठसे मोजा. सत्तर-ऐंशी एकाच कारखान्याची निघाली तर तो मूळ छपराचा माल, बाकीची दुरुस्ती. सरमिसळ निघाली तर छपरावरून काही म्हणायचं नाही. नळीच्या कौलांचं छप्पर आधी होतं का, ते वाशांवरून समजतं. मंगलोरी कौलाला रीप (कौल टेकतं ती वाशांवरची आडवी पट्टी) ठरावीक अंतरावर लागते, साधारण साडेबारा इंच. वाशांवर त्याखेरीज वेगळ्या अंतरावर खिळ्यांची जुनी भोकं असतील तर छप्पर बदललेलं आहे.

तुळईचंही तसंच. ठसा ‘याच्या आधी नाही’ एवढंच सांगतो. जुनी तुळई नव्या इमारतीत येते, नवी तुळई जुन्या इमारतीत पहिल्या दिवशी येऊ शकत नाही. पण दुरुस्तीत मागाहून येऊ शकते, म्हणून तिच्या टोकाखालची दरज बघा. भिंत सगळी चुन्याची आणि तुळईच्या टोकाभोवती तेवढं सिमेंट असेल तर तुळई नंतर घातली.

---

चिपळूणकर आजोबा

वाचनखूण साठवली आहे. नदीकाठच्या गावांना एक सूचना. २२ जुलै २०२१ च्या पुरासारख्या पाण्यात दप्तरं भिजतात. एखादी नोंदवही ‘उपलब्ध नाही’ असं लेखी उत्तर आलं तर तिची दुसरी प्रत कोणत्या कार्यालयात असते ते विचारा. नोंदणीकृत खरेदीखताची मूळ प्रत पक्षकाराकडे, नक्कल दुय्यम निबंधकाकडे, आणि त्याच व्यवहाराची नोंद भूमी अभिलेखकडे, म्हणजे एकाच गोष्टीचे तीन ठिकाणी धागे.

---

बंदरावरचा

मालवणातसून लिवतंय. धागो बरो काढलात. पण एक गजाल कोणी सांगूक नाय ती सांगतंय: सिंधुदुर्ग जिल्हो १९८१ चो. त्याच्या आदी मालवण, वेंगुर्ला, देवगड, सगळा रत्नागिरीत.

आता सगळ्यांना समजेल असं लिहितो. १ मे १९८१ ला जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या जिल्हा पातळीवरच्या फायली ओरोसला (सिंधुदुर्गच्या मुख्यालयात) नाही मिळाल्या तर रत्नागिरीला विचारावं लागतं. रायगडही १९८१ पर्यंत कुलाबा होता, जुन्या कागदांवर ‘जिल्हा कुलाबा’ असंच दिसेल. सावंतवाडी आणि जंजिरा ही १९४८ पर्यंत संस्थानं, म्हणजे वाडी, मुरूड, श्रीवर्धन इथल्या इमारतींचे आधीचे कागद संस्थानी दप्तराचे. आणि जुनी खतं मोडीत असतील. मोडी वाचणारा माणूस शोधा, अंदाजाने वाचू नका. आकडे आणि आडनावं तिथेच चुकतात.

---

फोर्टातला कोकणी

मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉटेलांचं काय होतं ते पाहिलं तर तुमच्या कामाला उपयोग होईल, म्हणून मुंबईची तीन उदाहरणं देतो.

अपोलो बंदरावर ताजच्या शेजारी ग्रीन्स हॉटेल होतं. ताज उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला, ग्रीन्स त्याच्या आधीपासून उभं होतं आणि पुढे ते ताजवाल्यांकडेच आलं. शेवटी ते पाडून त्या जागी १९७३ मध्ये ताजचा टॉवर उभा राहिला. आज गेटवेसमोर उभं राहणाऱ्याला तिथे दुसरं हॉटेल होतं याचा मागमूस लागत नाही. तरी ते जुन्या फोटोंत आणि पोस्टकार्डांत सापडतं, ते ताजमुळे. शेजारची इमारत प्रसिद्ध असेल तर तिच्या फोटोंच्या कडेला आपली इमारत मिळते. खाडीकाठ, तुमच्या नाक्यावर बँक, देऊळ, पुतळा काही असेल तर त्याचे फोटो शोधा, हॉटेलचे नव्हे.

दुसरं वॉटसन. हे पाडलेलं नाही, एस्प्लनेड मॅन्शन या नावाने मोडकळलेल्या अवस्थेत उभं आहे. बिडाचा सांगाडा इंग्लंडात ओतला, जहाजाने आणला आणि १८६७ ते १८६९ मध्ये इथे जोडला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं इथेच दाखवली गेली. १९६० च्या दशकात हॉटेल बंद होऊन आत लहान-लहान गाळे झाले, पोटभाडेकरू आले, आणि तेव्हापासून दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न कायमचा लोंबकळला. २००५ मध्ये एक भाग कोसळला. हॉटेल बंद पडण्याची आणि इमारत पडण्याची तारीख यांच्यामध्ये चाळीसेक वर्षं असू शकतात. तुमच्या टिपणात या दोन्ही तारखा वेगळ्या ठेवा.

तिसरं ग्रेट वेस्टर्न. मुळात आरमाराच्या प्रमुखाचा बंगला, मग न्यायालय, मग हॉटेल, मग कार्यालयं. इमारत कुठल्या कामासाठी बांधली आणि शेवटी काय म्हणून ओळखली गेली, यांचा संबंध असेलच असं नाही.

---

माडाची राई

अवांतर: ताज उलटं बांधलं गेलं, समुद्राकडे पाठ झाली आणि वास्तुविशारदाने जीव दिला, ही गोष्ट खरी का?

---

फोर्टातला कोकणी

खोटी. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य १९०० मध्ये मलेरियाने गेले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरं केलं. प्रवेश शहराच्या बाजूने होता कारण गाड्या तिथून येत, आणि खोल्यांना समुद्राचा वारा मिळावा ही योजनाच होती. जमशेटजी टाटांना वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला म्हणून ताज बांधलं, हीही कथा सगळे सांगतात, पण त्या काळचा पुरावा तिला नाही. एका मराठी अभियंत्याचं नाव विसरलं जातं आणि आत्महत्येची कथा घरोघर पोचते, याचं वाईट वाटतं. गावच्या हॉटेलांभोवतीही अशा कथा जमतात. त्या लिहा, पण ‘असं सांगतात’ म्हणून.

---

जोतं

‘ग्रँड हॉटेल’ हा शब्द आपल्या किनाऱ्याला लावू नये असं माझं स्पष्ट मत. इथे खानावळी आणि धर्मशाळा होत्या, दोन खोल्या वर काढल्या की लॉज. उगाच मोठेपण चिकटवून इतिहास लिहू नये.

---

सुरंगी

@जोतं, शब्द बाजूला ठेवू, पण गावाच्या मापाने बघा ना. बोट बंदराबाहेर नांगर टाकायची, उतारू पडावातून किंवा खपाट्यातून धक्क्यावर यायचे, आणि पुढची एसटी सकाळी. त्या रात्री शंभर माणसांची जेवणं आणि पथाऱ्या सांभाळणारी वास्तू ही गावातली सगळ्यात मोठी सार्वजनिक जागा होती. लग्नाची बैठक तिथे, आंब्याचा सौदा तिथे, निवडणुकीचा उमेदवार तिथे. पावसाळ्यात बोट बंद म्हणजे धंदा बसलेला. रस्ते सुधारले, बोट गेली, १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि स्टेशन गावापासून लांब, डोंगराच्या बाजूला. उतारूंची वाटच बदलली. हॉटेल का बंद पडलं याचं उत्तर मालकांच्या भांडणात शोधण्याआधी इथे शोधा.

---

जोतं

बोटीच्या उतारूंचा मुद्दा पटला. शब्दाचा आग्रह सोडतो.

---

परवाना

इमारतीचं झालं, आता धंद्याचे कागद. खाडीकाठ यांचा दुसरा प्रश्न तोच आहे आणि त्याला कुणी हात घातलेला नाही.

१) नगरपरिषदेची मालमत्ता कर आकारणी नोंदवही. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे दर चार वर्षांनी आकारणी सुधारतात. प्रत्येक चतुर्वार्षिक नोंदवहीत मालक, भोगवटादार (जागा प्रत्यक्ष वापरणारा), वापर आणि वार्षिक भाडेमूल्य असतं. नोंदवह्या ओळीने लावा. भोगवटादार बदलला म्हणजे चालक बदलला. भाडेमूल्य एकदम वाढलं म्हणजे मजला वाढला किंवा वापर निवासीचा व्यापारी झाला. चार वर्षांच्या फटीत साल अडकतं, हे माझ्या मते सगळ्यात भरवशाचं साधन. त्याआधीच्या काळासाठी जुन्या नगरपालिका कायद्याखालच्या नोंदवह्या असतात, मांडणी जवळपास तशीच.

२) मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ चं पूर्ण नाव वाचा, त्यात ‘हॉटेल व लॉजिंग हाऊस दर’ आहेत. खोलीचे वाजवी दर ठरवायला नियंत्रक नेमण्याची तरतूद त्यात होती. असा आदेश तुमच्या हॉटेलचा निघाला असेल तर खोल्या किती, माणसं किती, दर किती, सगळं एका कागदावर मिळेल. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला.

३) दुकाने व आस्थापना कायदा १९४८ खालची नोंदणी. नोकरांची संख्या तिथे मिळते.

४) पोलीस ठाण्याकडची खाद्यगृह आणि निवासगृह परवान्यांची नोंद. उतारूंची नोंदवही मात्र हॉटेलचीच असे, ती वारसांच्या माळ्यावर बघा.

५) भाडेकरू आणि मालक कोर्टात गेले असतील तर दाव्याची कागदपत्रं. अशा दाव्यात जागेचा हातनकाशा जोडलेला असतो. नक्कल अर्ज करा, दावा क्रमांक आणि साल लागेल.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एक विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. ‘हॉटेलचा सगळा इतिहास द्या’ असा अर्ज परत येणारच. ‘अमुक मालमत्ता क्रमांकाच्या अमुक ते अमुक वर्षांच्या आकारणी नोंदवहीतील नोंदीची नक्कल’ असं मागा. त्याहून बरं म्हणजे अभिलेख पाहायला परवानगी मागा आणि पानं स्वतः चाळा. आपल्याला काय हवं ते कारकुनाला माहीत नसतं, आपल्याला पान दिसलं की कळतं.

---

माडाची राई

+१. परवाना, हे सगळं एका स्वतंत्र लेखात येऊ द्या.

---

नकाशावाला

तिसरा प्रश्न, इमारत कशी होती. दोन फोटो पुरेसे आहेत, फक्त नीट स्कॅन करा. मोबाईलने फोटोचा फोटो नको, ६०० डीपीआयला सपाट स्कॅनर. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीतला आकडा तिथे असतो.

माप काढायला फोटोतच पट्टी आहे: चिऱ्यांचे थर. कुंपणात किंवा जोत्यात उरलेल्या भिंतीवर दहा थरांची एकूण उंची मोजा आणि दहाने भागा, म्हणजे दरजेसकट एका थराची सरासरी मिळते. समजा ती साडेसात इंच आली आणि फोटोत जोत्यापासून गॅलरीच्या तुळईपर्यंत २२ थर दिसतात, तर उंची १६५ इंच, म्हणजे १३ फूट ९ इंच. भिंतीला गिलावा असेल तर थर दिसत नाहीत, मग दाराच्या उंचीवर काम करायचं, आणि ते दार वखारीत सापडलं तर सोन्याहून पिवळं (सुरंगीताईंची सूचना त्यासाठी मोलाची). छपराच्या उतारावर कौलांच्या ओळी मोजा: १५ ओळी गुणिले साडेबारा इंच म्हणजे सुमारे साडेपंधरा फूट. पण हे उतारावरचं माप, उभी उंची नव्हे. त्यात नेहमी गफलत होते.

फोटो तिरपा काढलेला असेल तर एका भिंतीची पट्टी दुसऱ्या भिंतीला लावू नका. प्रत्येक भिंतीची पट्टी तिच्या स्वतःच्या पातळीवरच चालते. जोत्याची लांबी-रुंदी अभिलेखींनी सांगितलेल्या शीटवरून घ्या, उंची फोटोवरून, आणि दोन्हींचा मेळ बसतो का ते पुढच्या दर्शनी भिंतीवर तपासा. फूटभराचा फरक चालेल. तीन फुटांचा असेल तर शीटनंतर काहीतरी बांधलं किंवा पाडलं आहे.

आतली मांडणी फोटोत नसते. तिथे वाढपी, आचारी, शेजारचा दुकानदार यांना कोरा कागद देऊन जोत्याची बाह्यरेषा आधी काढून ठेवायची आणि ‘जिना कुठे होता?’ एवढंच विचारायचं. जिन्यापासून सुरुवात केली की बाकीच्या खोल्या आपोआप जागेवर बसतात.

---

तिठा

माणसांना साल विचारू नका, हे त्याला जोडून सांगतो. ‘कधी बंद झालं?’ असं विचारलं की ‘झाली पन्नास वर्षं’ हेच उत्तर. त्याऐवजी सगळ्यांना आठवणाऱ्या घटनेशी जोडून विचारा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हॉटेल चालू होतं का? रेल्वे सुरू झाली तेव्हा? खूप वयस्कर माणूस असेल तर १७ जुलै १९४७ ला रामदास बोट बुडाली तेव्हा? आधी की नंतर, एवढंच उत्तर घ्या. तीन-चार जणांची उत्तरं जुळली की साल दोन घटनांच्या मध्ये येतं, मग परवाना यांची चतुर्वार्षिक नोंदवही.

---

अभिलेखी

दोन जागा अजून राहिल्या.

इमारत खाडी किंवा समुद्राच्या जवळ असेल तर सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) फाईल. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेनंतर किनारपट्टीत पुनर्बांधणीला परवानगी मागणाऱ्याला जुनं बांधकाम त्या तारखेपूर्वीचं आणि अधिकृत असल्याचे पुरावे जोडावे लागतात. म्हणजे विकासकानेच तुमचं काम करून ठेवलं असण्याची शक्यता आहे: जुने कर उतारे, परवाने, विद्यमान इमारतीचा मोजलेला नकाशा, फोटो. बांधकाम परवानगीच्या प्रस्तावातही जुन्या इमारतीचं क्षेत्र असतं. इमारत धोकादायक म्हणून पाडली असेल तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम १९५ ची नोटीस आणि तिला जोडलेला पाहणी अहवाल मागा. भिंती किती जाड, कुठे भेगा, कोणता भाग कोसळलेला, ते त्यात असतं.

हमरस्त्यालगतची इमारत असेल तर (खाडीकाठ यांची नाही, पण इतर वाचकांसाठी) महामार्ग ६६ च्या चौपदरीकरणातले भूसंपादन निवाडे बघा. बाधित बांधकामाचं मूल्यांकन करताना चौरस मीटर, भिंतीचा प्रकार, छप्पर, वय, सगळं नोंदवलेलं असतं. पाडलेल्या इमारतींचं इतकं तपशीलवार वर्णन दुसरीकडे क्वचित मिळेल.

---

चिपळूणकर आजोबा

वाचनालयांना विसरू नका. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं. गावोगावच्या जुन्या वाचनालयांत साप्ताहिकांचे बांधीव अंक असतात. बातम्या शोधत बसू नका, जाहिराती चाळा. नवं हॉटेल उघडलं, व्यवस्थापन बदललं, ‘उत्तम राहण्याची व जेवणाची सोय’, हे सगळं जाहिरातीत यायचं, आणि अंकावर तारीख असतेच. दिवाळी आणि शिमग्याच्या आसपासचे अंक आधी बघा. १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्ये बंदरांची वर्णनं आहेत. १९६२ च्या जिल्हा गॅझेटियरशी ती ताडून पाहिली तर पेठ कशी वाढली ते कळेल.

---

खाडीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

मिळकत पत्रिका हाती आली आहे. तिच्यावर धारक म्हणून एकाच घराण्याची नावं आहेत, वारस नोंदीही सरळ आहेत. पट्टेदाराची नोंद एकही नाही. गावात मात्र सगळे सांगतात की हॉटेल आधी एका उडुपीवाल्यांनी आणि मग एका गोव्याच्या कुटुंबाने चालवलं. पत्रिका खरी धरायची की गावाचं म्हणणं? आणि कौलं मिळाली, बहुतेक एकाच ठशाची, ‘कॉमनवेल्थ’.

---

परवाना

दोन्ही खरी असू शकतात. पत्रिकेवर पट्टेदार येतो तो सहसा नोंदणीकृत भाडेपट्टा असेल तेव्हा. महिना भाड्याने किंवा ‘चालवायला’ दिलेल्या धंद्याचा करार पुष्कळदा साध्या स्टॅम्पावर व्हायचा, दुय्यम निबंधकाकडे जायचाच नाही. म्हणून सूची दोनमध्येही (निबंधकाकडच्या नोंदणीकृत दस्तांच्या सूचीतही) तो मिळणार नाही. कर आकारणीतला भोगवटादाराचा रकाना आणि दुकाने-आस्थापनेची नोंद, या दोनच जागी चालकाचं नाव सापडेल. आधी तो रकाना बघा.

---

कौलारू

‘कॉमनवेल्थ’ बहुसंख्य असतील तर आताचं छप्पर पहिल्या महायुद्धानंतरचं. आता वाशांवर खिळ्यांची जुनी भोकं आहेत का ते पाहा. नसतील आणि वासे मूळचे असतील, तर इमारतही त्याच सुमाराची म्हणायला हरकत नाही. असतील तर इमारत त्याहून जुनी, आणि मग भिंतीच्या दरजेचे नमुने लागतील. ठेकेदाराने वासे कुठे टाकले आहेत?

---

खाडीकाठ (धागाकर्ता)

वासे अजून जागेवरच, ताडपत्रीखाली. उद्या टेप आणि खडू घेऊन जातो. आकारणी नोंदवही पाहण्याचा अर्जही उद्याच देतो, मालमत्ता क्रमांक घालून.

---

अभिलेखी

अर्जात चौकशी नोंदवहीचं विसरू नका, पण ती भूमी अभिलेखकडे, वेगळा अर्ज. आणि दोन्ही अर्जांवर आवक क्रमांक घेऊनच काउंटर सोडा.